भुताचा वाटा

इंग्रजीत रहस्यकथांची एक जात अशी आहे, की तिच्यात खून होतो पण कोणाला फारसा त्रास होत नाही. मेलेला माणूस बहुधा आधीपासूनच सगळ्यांना नकोसा असतो. पोलीस येतात ते चहा पिऊन जातात. आणि खुनी सापडतो तो शेजारी बसून लोकर विणणाऱ्या एखाद्या म्हातारीला. या जातीला तिकडे 'कोझी' म्हणतात. आपल्याकडे तिला नेमका शब्द नाही. गोधडीत शिरून वाचायच्या रहस्यकथा असं म्हटलं तर काही बिघडणार नाही.

माझ्या पुतणीला या पुस्तकांचं वेड आहे. ती सुट्टीला राहात्याला येते तेव्हा पिशवीभर आणते आणि जाताना पिशवीत पेरू भरायचे असतात म्हणून पुस्तकं इथेच ठेवून जाते. निवृत्त मास्तराला छापलेलं काहीही वाचायची खोड असतेच. त्यामुळे त्यातली निम्मीअधिक मी वाचली आहेत. वाचता वाचता लक्षात आलं, की या जातीतही पोटजाती आहेत. हे कळल्यावर मला ही पुस्तकं एकदम आपली वाटू लागली.

त्यातली एक पोटजात म्हणजे जुन्या घराची दुरुस्ती आणि भूत. अमेरिकेत ज्यूलिएट ब्लॅकवेल नावाच्या बाईंनी अशी एक मालिकाच लिहिली आहे. तिची नायिका सॅन फ्रान्सिस्कोत जुनी घरं दुरुस्त करून देणारी कंत्राटदार आहे आणि तिला भुतं दिसतात. पहिलं पुस्तक २०१० साली आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'भिंती बोलू लागल्या तर'. आपल्याकडे भिंतीला नुसते कान असतात, तिकडे तोंडही दिलं आहे. या पोटजातीतलं साधारण कथानक असं: नायिकेची दूरची मावशी मरते आणि मोडकं घर भाचीला ठेवून जाते. भाची येते, कुलूप उघडते, गवंडी बोलावते, भिंत फोडते. भिंतीतून सांगाडा निघतो. रात्री भूत येतं. ते अत्यंत सभ्य असतं आणि नायिकेला तपासात मदत करतं. सुतार देखणा असतो, हे सांगायला नकोच.

आता यातली न पटणारी गोष्ट कोणती? तुम्ही म्हणाल भूत. मुळीच नाही. भूत मला सहज पटतं, देखणा सुतारही एक वेळ पटेल. एवढ्या मोठ्या घराला एकच वारस, हे मात्र राहात्यात जन्मलेल्या माणसाला काही केल्या पटत नाही.

बाकी या प्रकाराचा इतिहास मोठा घरंदाज आहे. त्याचा मूळपुरुषच मुळी घर दुरुस्त करणारा होता. होरेस वॉलपोल हा इंग्लंडच्या पंतप्रधानाचा मुलगा. त्याने १७४७ साली लंडनजवळ एक साधंसं घर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याला बुरूज, कमानी आणि रंगीत काचा लावून ते जुन्या किल्ल्यासारखं दिसेल असं केलं. आपण जुन्या घराला नवं दाखवायला धडपडतो, हा नव्याला जुनं दाखवायला धडपडला. पैसा असला की हौस उलटी वाहते. १७६४ साली एका रात्री त्याच्या स्वप्नात जिन्याच्या कठड्यावर चिलखतातला एक राक्षसी हात आला. त्यावरून त्याने 'द कॅसल ऑफ ओट्रॅंटो' ही कादंबरी लिहिली. भुताळी वाड्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांची ही पणजी. तिचा विषय काय, तर बळकावलेली जहागीर आणि तिचा खरा वारस. म्हणजे पहिल्या भुताचं कामसुद्धा दिवाणी स्वरूपाचंच होतं.

पुढे अगाथा ख्रिस्तीबाईंनी यात आणखी गंमत केली. त्यांची 'स्लीपिंग मर्डर' ही कादंबरी लिहून बरीच वर्षं तिजोरीत पडून होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ साली बाहेर आली. तिच्यात एक नवविवाहित मुलगी न्यूझीलंडहून इंग्लंडला येऊन घर घेते. या भिंतीत एक दार हवं, असं तिला वाटतं. गवंडी सांगतो, बाई, इथं दार होतंच, कोणीतरी लिंपून टाकलंय. मुलगी घाबरते. भूत नसतंच, असते ती आठवण. कोणीतरी लिंपून टाकलेलं दार, एवढं मात्र लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहे.

आता आमच्याकडे येऊ. राहाता हे नगरहून शिर्डीला जाताना शिर्डीच्या अगदी अलीकडचं गाव. भाविकांच्या गाड्या आमच्याकडे थांबतात त्या पेरू घ्यायला. १९९९ साली राहाता तालुका झाला. त्याआधी आम्ही कोपरगाव तालुक्यात होतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. माणूस एकाच ओसरीवर बसून राहिला तरी त्याचा पत्ता बदलत राहतो, एवढाच याचा अर्थ. जुनी घरं आमच्या बाजूला माळवदाची. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार आणि पावसाळ्यात पातेली मांडायला भरपूर जागा.

त्या पांढऱ्या मातीचीही एक कथा आहे. जुन्या वस्तीच्या ढिगाला आपण 'पांढरी' म्हणतो. आमच्या जिल्ह्यात अशा पांढऱ्या पुष्कळ. पुरातत्त्ववाल्यांनी संगमनेरजवळ जोर्वे, पुढे नेवासे, श्रीरामपूरजवळ दायमाबाद अशा ठिकाणी खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. जोर्व्यावरून त्या संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. या लोकांच्या घरांत जमिनीखाली मडकी सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत लहान मूल. मेलेल्या मुलाला त्यांनी गावाबाहेर नेलं नव्हतं. ज्या घरात ते रांगलं असेल तिथेच, चुलीपासून चार हातांवर ठेवलं होतं. मोठ्या माणसांची रीत वेगळी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात प्रौढांचे सांगाडे मिळाले, त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. मेलेला माणूस उठून भूत होऊन चालू लागू नये, म्हणून ही तजवीज असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या लहानपणचं 'भुताचे पाय उलटे असतात' हे वाक्य आठवलं. तीन हजार वर्षांत आपण पाय तोडण्यापासून पाय उलटे करण्यापर्यंत आलो, ही प्रगतीच म्हणायची. पण मूळ हिशेब तोच. मुलाने घरात राहावं आणि मोठ्याने परत येऊ नये. मूल काही मागत नाही. मोठा माणूस परत आला तर वाटा मागतो.

मराठी भुतांची यादी एकदा नीट वाचून पाहा. इंग्रजी भूत उगाच जिन्यावरून खाली-वर करत असतं, त्याचं म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. आपल्या प्रत्येक भुताची मागणी त्याच्या नावातच लिहिलेली असते. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्न व्हायचं राहिलं. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली, जिचा संसार राहिला. समंध म्हणजे ज्याचा जीव ठेव्यात अडकला, किंवा ज्याच्यामागे पाणी द्यायला कोणी नाही. पहिली बायको वारून दुसरी केली, तर दुसरीने गळ्यात पहिलीचा टाक घालायचा, अशी पूर्वी रीत होती. जिवंतपणी तिच्या गळ्यात काय होतं कोण जाणे, पण मेल्यावर चांदीचा टाक मिळाला. थोडक्यात, आपल्याकडे भूत म्हणजे थकबाकीदार नव्हे, धनको. देणेकरी आपण.

महाराष्ट्रातलं सर्वांत नामांकित भूत घ्या. पुण्याचा शनिवारवाडा पहिल्या बाजीरावाने १७३० ते १७३२ या काळात बांधला. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी, ऐन गणपतीत, तिथे अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. तो 'काका, मला वाचवा' म्हणत चुलत्याकडे धावला आणि अजून पौर्णिमेच्या रात्री तीच हाक ऐकू येते, असं सांगतात. यात रहस्यकथेचा सगळा ऐवज आहे. वाडा आहे, खून आहे, भूत आहे. पुरावा म्हणून एक कागद आहे, ज्यात 'धरावे'चं कोणीतरी 'मारावे' केलं असं लोक मानतात. एका अक्षरावर उभं राहिलेलं असं रहस्य ख्रिस्तीबाईंनाही सुचलं नसतं. आणि तपास करणारा म्हाताराही आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, आरोपी प्रत्यक्ष गादीवर बसलेला होता तरी त्याचं नाव घेतलं आणि पुणं सोडलं. कादंबरीत शेवटच्या प्रकरणात खुन्याला धरतात, इतिहासात पुष्कळदा तपास करणाऱ्यालाच गाव सोडावं लागतं.

पण या भुताची मला वेगळ्याच कारणासाठी कीव येते. ज्या काकाला ते हाका मारतं, तो काका पुण्यात राहिलाच नाही. बारभाईंनी कारभार हाती घेतला, नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या मुलाला गादी दिली आणि बऱ्याच लढायांनंतर राघोबादादा कायमचे राहायला आले ते आमच्या कोपरगावला. गोदाकाठी त्यांचा वाडा आहे. १७८३ साली ते तिकडेच वारले. म्हणजे पुतण्या अडीचशे वर्षं पुण्यात हाका मारतो आहे आणि काकाचा शेवटचा पत्ता आमच्या जुन्या तालुक्याचा, राहात्याहून वीसेक किलोमीटरवर. शनिवारवाड्यात पुढे तुरुंग आला, वेड्यांचं इस्पितळ आलं. १८२८ साली तो जळाला. १९१९ साली तो संरक्षित स्मारक झाला आणि मग खणून त्याची जोती मोकळी करण्यात आली. वास्तू गेली, वारस गेले, राज्य गेलं. हाक तेवढी राहिली, कारण तिचा निकाल लागला नाही.

या प्रकरणावर कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली नाटक लिहिलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'भाऊबंदकी'. मराठी भयकथेचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत अशा काही आणल्या, की लोक दिव्यातलं तेल संपेपर्यंत वाचत. त्यातल्या एका कादंबरीचं नाव 'बंधुद्वेष'. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या पिढीच्या गणिताच्या पुस्तकांत मुक्काम केला होता. भुतांचं खातं नारायण धारपांकडे. १९८९ सालच्या एका विनोदी चित्रपटाचं नावच 'भुताचा भाऊ'. २०१६ साली दूरदर्शन संचावर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं आणि कोकणातल्या त्या वाड्यात घरचा कर्ता गेल्यावर सगळी भावंडं जमली, तेव्हाच आम्ही ओळखलं, की आता भूत निघणार. २०१८ सालच्या 'तुंबाड' या चित्रपटात वाडा आहे, सोनं आहे आणि न संपणारी हाव आहे.

एवढ्या मोठ्या परंपरेत गवंडी मात्र कुठे नाही. मराठी वाडा पडतो, पछाडतो, जळतो; पण दुरुस्त कोणी करत नाही. याचं कारण लेखकांची कल्पनाशक्ती कमी पडली असं नाही. वाडा दुरुस्त करायचा तर आधी तो कोणाचा हे ठरावं लागतं. आणि ते ठरवायला बसलं की भुताची गरजच उरत नाही, जिवंत माणसं पुरतात.

आमचा वाडा असाच. त्याचा अर्धा भाग चुलत्यांच्या वाट्याला गेला, तिथे आता गाळे आहेत आणि मोबाइलची दुकानं आहेत. उरलेल्या अर्ध्यात ओसरी, माजघर आणि वर माडी. माडीवर भूत. आम्ही लहान असताना रात्री नऊनंतर माडीवर कोणी जात नसे. वर कोणीतरी चालतंय असा करकर आवाज येई. मोठी माणसं सांगत, आत्याआजी फिरते आहे, तिचं काहीतरी हरवलंय.

आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती आली. मला ती अंधुक आठवते. विटक्या लुगड्यातली, मागच्या खोलीत जात्याशी बसलेली, पोरांना गुळाचा खडा देणारी. जिवंत होती तोवर तिला कोणी घाबरलं नाही, तिची दखलच कोणी घेत नसे. १९६८ साली ती गेली आणि एकदम घरातली सर्वांत वजनदार व्यक्ती झाली.

काही वर्षांपूर्वी माळवद इतकं गळू लागलं, की पातेली संपली. आम्ही तिघा भावांनी एकत्र बसून ठरवलं, दुरुस्ती करायची. गवंडी आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, तुळयांत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे वळतात तसा आमच्याकडे वळला. "सर, तुळया ठणठणीत हायेत. असला साग आता इकत मिळायचा न्हाई. सिमिट मात्र मारू नका, आत वल धरती अन् भित कुजती. चुन्यातच करा." मी भीत भीत माडीवरच्या आवाजाचं विचारलं. तो हसला. "दिवसभर माळवद तापतंय, रातच्याला गार पडतंय. लाकूड अंग आखडून घेतंय, त्याचा आवाज. मान्सासारखंच हाय की."

अशा रीतीने आमच्या घराण्याचं भूत दोन वाक्यांत निकालात निघालं. मला थोडं चुकल्यासारखंच झालं. गावात प्रत्येक बऱ्या घराला एखादं भूत असतं, आपल्याकडे नुसता साग आहे म्हणायचं म्हणजे कमीपणाच.

तिसऱ्या दिवशी गवंड्याने हाक मारली. "सर, माजघराची भित पोकळ वाजतीय. नारळ आणायचा का आधी?" नारळ आणला. भावांचे डोळे लकाकले. जुन्या भिंतीत पोकळी म्हणजे हंडा, हे गणित आम्हाला पहाड्यांच्या आधी पाठ झालेलं. लिंपण निघालं तेव्हा आत एक लिंपून टाकलेली देवळी होती. ख्रिस्तीबाईंचं ते दार आठवतं ना? आमच्या वाट्याला देवळी आली. आत हंडा नव्हता. लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्या होत्या, आजोबांच्या जमाखर्चाच्या, सगळ्या मोडीत. गवंडी म्हणाला, "मंग गुप्तधन न्हाई व्हय," आणि नारळ फोडून खोबरं वाटून टाकलं.

मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ ओळखीतून मिळाले. त्यांनी आठ दिवस वह्या ठेवून घेतल्या. परत देताना एका पानात सुतळी घातलेली होती. १९३४ सालची नोंद. ताईच्या पाटल्या, जोड एक, वजन सहा तोळे, माडीच्या सागाकरिता घेतल्या, परत देणे. पुढच्या वर्षी पाडव्याला नवी वही सुरू झाली तेव्हा तीच रक्कम पुढे ओढलेली: ताईचे देणे बाकी. पुढच्या पाडव्याला पुन्हा. आजोबा शिस्तीचे होते. त्यांनी सतरा पाडवे ही बाकी पुढे नेली. ती फेडली मात्र एकदाही नाही. १९५१ नंतर अक्षर बदललं, वही नव्या कर्त्या माणसाच्या हाती गेली, आणि त्या वहीत ताईचं नावच नाही.

म्हणजे ज्या तुळया रात्री करकरत होत्या, त्या आत्याआजीच्या पाटल्यांच्या होत्या. गवंड्याचं म्हणणं खरंच होतं, लाकूडच अंग आखडत होतं. पण घरातल्या ज्या कोणी पहिल्यांदा 'तिचं काहीतरी हरवलंय' असं म्हटलं, त्याला किंवा तिला हिशेब माहीत असला पाहिजे. वहीतून काढलेली बाकी माडीवर चढून बसली होती.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळच्या गोष्टी, तेव्हा कायदाच नव्हता. खरं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केलं. पण त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने एक आडणा घालून ठेवला होता. राहत्या घराची वाटणी भावांनी मागितली तरच व्हायची, बहिणीने आपण होऊन मागायची नाही. विधवा, टाकलेली किंवा बिनलग्नाची मुलगी असेल तर तिने त्या घरात राहावं, एवढा हक्क होता. राहायचं, पण आपलं म्हणायचं नाही, अशी भुतं आणि विधवा बहिणी यांच्यासाठी एकच तरतूद. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा सुधारून बिनलग्नाच्या मुलींना मुलाच्या बरोबरीला आणलं. २००५ साली केंद्राने ते तेविसावं कलमच काढून टाकलं आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरवला. २०२० साली सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

कायदा असा कडक झाला आणि भावांची भाषा मऊ झाली. त्या मऊ भाषेला हक्कसोडपत्र म्हणतात. बहिणीला बोलावून घ्यायचं, पुरणपोळी करायची, साडी-चोळी करायची आणि एक कागद पुढे ठेवायचा, की मी राजीखुशीने माझा हिस्सा सोडत आहे. बहीणही राजीखुशीने सही करते, कारण सही केली नाही तर दिवाळीला माहेर राहत नाही. इंग्रजी रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात सगळी पात्रं दिवाणखान्यात जमतात. आपल्याकडे ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमतात, अंगठ्याला शाई लावून.

आमच्या घरीही तो कागद तयार होता. आमची बहीण संगमनेरला असते. ती थोरली, म्हणून तिलाही आम्ही ताईच म्हणतो. आदल्या रात्री ती आली, जेवली आणि सहज म्हणून तिने माजघरात ठेवलेली ती वही उघडली. मोडीखाली त्या गृहस्थांनी पेन्सिलीने बाळबोधीत लिहून दिलं होतं. तिने सतरा वर्षांच्या सतरा ओळी बोट ठेवून वाचल्या. 'ताईचे देणे बाकी.' 'ताईचे देणे बाकी.' मग काही न बोलता वही मिटली. सकाळी कागद पुढे केला तेव्हा तिने पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि धाकट्या भावाच्या खिशाला अडकवलं.

"मला विकायचं नाही काही," ती म्हणाली. "राहायलाही येणार नाही. पण उताऱ्यावर माझं नाव राहू दे. मी मेल्यावर माडीवर फिरायची नाही, आत्ताच सांगते. माझे गुडघे दुखतात."

धाकटा भाऊ दोन दिवस घुश्शात होता. साडीची पावती त्याच्या नावावर होती. पण ताईने साडीही ठेवून घेतली आणि चुन्याच्या हिशेबाला बसली. तिने गवंड्याशी घासाघीस करून मजुरी अशी काही उतरवली, की तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आधी यांनाच बोलवायचं व्हतं." माडीचं माळवद नव्याने घातलं. तुळया तशाच ठेवल्या. देवळी पुन्हा लिंपली नाही. तिच्यात संध्याकाळी दिवा लावतो आणि वह्या खालच्या कपाटात ठेवल्या आहेत.

शेवटी गवंड्याचा हिशेब झाला. तिघांत वाटायचा खर्च चौघांत वाटला आणि प्रत्येकाच्या अंगावर येणारी रक्कम पाव हिश्श्याने कमी झाली. एवढं सोपं गणित आमच्या घराण्यात नव्वद वर्षांत कोणाला कसं सुचलं नाही, हे रहस्य मात्र अजून कोणी सोडवलेलं नाही.